मिठाची कुंडी

एका बाईंच्या नावाला गावात जी थट्टा चिकटली, ती माझ्यामुळे चिकटली. आणि हे मी बरीच वर्षे कोणालाही कळू दिले नाही. थट्टा तशी साधी होती. त्यांना 'मीठवाली' म्हणत. ऐकणाऱ्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. मला मात्र ते नाव ऐकले की काचेच्या फ्लास्कमध्ये निळे होत जाणारे पाणी दिसते.

मी माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत विश्लेषक म्हणून काम करतो. पन्नाशी ओलांडून काही वर्षे झाली. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची माती माझ्या हातांखालून गेली आहे. मोठे शोध आमच्याकडे लागत नाहीत. आमचे काम म्हणजे पिशवीतून आलेली माती वाळवणे, चाळणे, ती द्रावणात ढवळून गाळणे आणि गाळलेल्या पाण्याचा रंग वाचणे. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मोजण्याची रीत तर रंगाचीच आहे. पिकाला मिळू शकेल असा स्फुरद द्रावणात उतरला असेल, तर त्यात ठरावीक रसायन घातल्यावर निळा रंग येतो. जितका गडद निळा, तितका स्फुरद जास्त.

या मोजणीत एक पथ्य असते, आणि ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. स्फुरदाची काच, म्हणजे फ्लास्क, कपडे धुण्याच्या पावडरीने धुवायची नाही. त्या पावडरीत स्वतःचाच स्फुरद असू शकतो. तो काचेला चिकटून राहतो आणि मातीचा म्हणून मोजला जातो. काच विरळ आम्लाने धुवावी, मग डिस्टिल्ड वॉटरने खळखळावी. हे पथ्य मी कित्येकांना शिकवले आहे.

ज्या बाईंबद्दल लिहितो आहे, त्यांना मी पहिल्यांदा पाहिले ते बियाण्याच्या प्रात्यक्षिकाला. आमच्या धानाच्या पट्ट्यात पेरणीआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून निवडण्याची शिफारस आहे. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी बसतात; तळचे दाणे साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. त्या गावात विहाराच्या अंगणात आम्ही टोप मांडला होता. सोबत आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम होत्या. बायांचा घोळका भोवती बसला होता, आणि दाणे निवडून झाल्यावर माझ्याच वयाच्या, पदर कमरेला खोचलेल्या एक बाई उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, एक इचारू का जी?"

"विचारा."

"हे उरलेलं खारं पानी मी दरसाली पऱ्ह्याच्या वाफ्याच्या कोपऱ्यात सांडते. वाफ्यात सुपर तं सारखाच टाकलेला असते. मंग त्याच कोपऱ्यातले पऱ्हे काऊन हिरवेगार राह्यते? मिठानं खत लवकर लागते का?"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपे, आणि सुपर म्हणजे सुपर फॉस्फेट. प्रश्न समजायला मला अडचण नव्हती. पण मी उत्तर द्यायच्या आधीच मागून दुसरी बाई ओरडली, "तिच्याकडे लक्ष नका देऊ जी, ते भाजीत बी सुपरच टाकते!" सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि म्हणालो, "बाई, मीठ जेवणात घाला, शेतात नको."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "कोणता कोपरा? दाखवता का?" आणि बायांचा घोळका तसाच सोडून त्या बाईंच्या मागून वाफ्याकडे चालू लागल्या. वाफा मोकळा होता, पाहण्यासारखे काहीच नव्हते. तरीही मॅडम उकिडव्या बसल्या, तिथली माती त्यांनी बोटांत चुरली, आणि बाईंना म्हणाल्या, "मला उत्तर माहीत नाही. शोधून सांगते."

आमच्या क्षेत्रात इतकी वर्षे वावरूनही 'मला माहीत नाही' हे वाक्य शेतकऱ्यासमोर इतक्या सहजपणे उच्चारलेले मी फार थोड्या वेळा ऐकले आहे. मला ते कधी जमले नाही. परतताना जीपमध्ये मी म्हणालो, "मॅडम, साधं मीठ आहे. त्यानं काय होणार?" त्या म्हणाल्या, "साधं मीठ हा एक क्षार झाला. अमोनियम सल्फेट हाही क्षारच, जिप्सम हाही, पोटॅश हाही. सुपरचा दाणा मातीत विरघळतो तेव्हा त्याच्या शेजारी यांतलं कोण बसलं आहे, त्यावर त्यातला स्फुरद मोकळा राहील की मातीत अडकून बसेल ते ठरतं. बाईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. फक्त शेजारी कोण होतं, ते आपल्याला माहीत नाही."

त्या हिवाळ्यात प्रयोगशाळेमागच्या जाळीच्या छपरात कुंड्यांची रांग लागली. माती बाईंच्याच बांधीतली, म्हणजे त्यांच्या धानाच्या खाचरातली: काळसर, चिकट, पोटात चुनखडीचे बारीक खडे बाळगणारी. सगळ्या कुंड्यांत सुपर फॉस्फेट सारखेच. काहींत नुसते सुपर. काहींत त्याच्या जोडीला अमोनियम सल्फेट, काहींत पोटॅश, काहींत जिप्सम, आणि काहींत मीठ. मिठाच्या कुंडीवर मॅडमनी स्वतःच्या हाताने खूण केली होती. नेमून दिलेल्या कामांतून वेळ काढून त्या रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालत. पाणीही मोजूनच, कारण क्षार पाण्याबरोबर खाली वाहून गेला तर तुलनेला अर्थ राहत नाही. मी दुरून पाहत असे. एका शेतकरी बाईच्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असे मला वाटे. आज लिहिताना त्या वाटण्याची लाज वाटते.

कुंड्यांतली माती काढून मोजण्याचे काम माझ्याकडे आले. बाकीचे संच मी पथ्याने मोजले. मिठाचा संच शेवटी उरला होता, आणि त्या दिवशी मला भाच्याच्या लग्नाच्या मांडवाला पोहोचायचे होते. आम्लाचा कॅन रिकामा झाला होता; नवे आम्ल विरळ करण्यात वेळ गेला असता. नळाशेजारी कपड्यांच्या पावडरीची पुडी होती. मी फ्लास्क तिने घासले, नळाखाली धरले, वरून डिस्टिल्ड वॉटर फिरवले आणि मोजणी उरकली. मिठाच्या संचाचा रंग सगळ्यांत गडद आला. त्या संचातले दोन्ही नमुने एकमेकांशी तंतोतंत जुळले, म्हणून मला शंकाही आली नाही. ते जुळणारच होते, दोन्ही फ्लास्क एकाच फेसात धुतलेले होते.

मॅडमनी आकडे पुन्हा एकदा वहीत ताडून पाहिले. मग म्हणाल्या, "हे पटत नाही. पुन्हा कुंड्या लावू. तोवर कुणाला सांगू नका."

मी सांगितले. पेरणीच्या आधी नव्या कुंड्यांसाठी माती आणायला मी एकटाच त्या गावात गेलो होतो. बाईंनी अंगणात खाट टाकून दिली, चहा केला. दारावर पंचशीलाचा ध्वज वाऱ्यावर हलत होता. "माह्या सवालाचं काय झालं जी?" त्यांनी विचारले, आणि मागच्या वर्षी त्यांना हसलेला मी आता उदार झालो. "बाई, तुमचं मीठ जिंकलं," मी म्हणालो. "सुपरसोबत टाकून पाहा, हरकत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो आपणच दिला असे मला वाटले. मॅडमच्या आधी ही बातमी आपण दिली, याचाही एक हलका अभिमान होता.

त्यांनी मीठ टाकले, आणि वाफाभर टाकले. पऱ्ह्यांचे शेंडे आधी पिवळे पडले, मग तपकिरी होऊन जळाले, आणि रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, तोंडावर अर्ध्याहून अधिक वाफा बसला. धानाच्या गावात पऱ्हे जाणे म्हणजे हंगामच जाणे. पैसे मोजूनही त्या वेळी रोपे कुठे मिळत नाहीत.

निरोप मिळाला त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेत मुद्दाम मागे थांबलो. मिठाच्या संचाचे फ्लास्क कपाटात तसेच होते. मी त्यांत माती घातली नाही, द्रावण घातले नाही. फक्त डिस्टिल्ड वॉटर ओतले आणि रंगाचे रसायन घातले. नितळ पाणी हळूहळू निळे झाले. मी ते ओतून टाकले, नवे आम्ल विरळ केले, कपाटातली सगळी काच धुऊन काढली आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेमागून रखडत आमची जीप गावाकडे निघाली. वाटेत मॅडमनी विचारले, "बाईंना मीठ टाका असं कुणी सांगितलं असेल?"

मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "कुणी नाही, मॅडम. त्यांना पहिल्यापासून तोच नाद आहे. मनानंच टाकलं असेल."

पावडरीने धुतलेली काच ही चूक होती. हे वाक्य चूक नव्हते.

वाफ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाई उभ्या होत्या. शेजारच्या बायाही जमल्या होत्या. मॅडमनी त्यांना तोच प्रश्न विचारला. मी मान खाली घातली. बाईंनी माझ्याकडे पाहिले, हे मान खाली असूनही मला कळले. त्या म्हणाल्या, "मीठ मीच टाकलं जी. माह्या हातानं."

पुढे कितीतरी वेळा मी हे उत्तर मनात तपासून पाहिले आहे. त्यात असत्य एकही नव्हते. मीठ त्यांनीच टाकले होते, त्यांच्याच हाताने. त्या दिवशी त्या बांधावर खोटे फक्त माझ्याकडे होते.

परतताना त्या मला जीपपर्यंत सोडायला आल्या. मॅडम पुढे गेल्या होत्या. मला वाटले, आता बोलतील. बोलायलाच हवे होते. त्यांनी आवाज खाली घेतला आणि एवढेच म्हटले, "साहेब, तुमी येनं बंद करू नका. माह्या सवालाचा जवाब अजून भेटला नाई."

पऱ्हे जळालेली बाई आपल्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत होती. माझे नाव निघाले असते तर कदाचित माझी त्या गावातली फेरी थांबली असती, कदाचित कुंड्याही थांबल्या असत्या. त्यांनी हा हिशेब केला होता की नाही, मला माहीत नाही. त्या उत्तरासाठी त्यांनी माझे नाव गिळले, एवढे खरे. मी 'हो' म्हणालो आणि जीपमध्ये बसलो.

त्या वर्षी त्यांची बांधी रिकामी राहिली नाही, याचे श्रेय गावाला. आमच्या भागात स्वतःचा रोवणा संपला की उरलेले पऱ्हे धुऱ्यावर ठेवतात. ज्याला कमी पडले त्याने न्यावे, असा रिवाज आहे. बायांनी आपापल्या पेंढ्या आणून टाकल्या, स्वतः चिखलात उतरून लावूनही दिल्या. रोवणा उशिरा झाला, धान विरळ आले, पण आले. मात्र पेंढीबरोबर थट्टाही आली. दुपारची शिदोरी सोडताना कोणीतरी म्हणे, "ए मीठवाली, भाजी अळणी हाये वं, तुया वाफ्यातलं थोडं आन!" त्या हसून उत्तर देत, "नेजो ना, पन पऱ्हे वापस द्या लागन!" हे मला नंतर, हसत हसतच, गावातल्यांनी सांगितले.

मॅडमनी कुंड्या पुन्हा लावल्या, आता त्यांत धानही पेरले. या वेळी काच आम्लाने धुतलेली होती, त्यामुळे मिठाच्या कुंडीत स्फुरद मुळीच वाढलेला दिसला नाही. उलट रोपे खुजी राहिली. जिप्समच्या कुंडीत स्फुरद आणखी अडकला होता, पोटॅशने फारसा फरक पडला नव्हता, आणि अमोनियम सल्फेटच्या कुंडीत तो सर्वांत मोकळा होता. अमोनियममुळे मुळांभोवतीची माती किंचित आंबट होते आणि चुनखडीच्या जमिनीत सुपरमधला स्फुरद अधिक काळ विरघळलेला राहतो, असे त्यांनी मला समजावले. मग म्हणाल्या, "पहिल्या वेळी मीच कुठेतरी चुकले. बहुतेक मीठ तोलताना."

मॅडमनी माझी चूक स्वतःवर घेतली, आणि मी टेबलावरची धूळ पुसत राहिलो.

मॅडम उत्तर द्यायला गावात गेल्या, तेव्हा आधी वाफ्याकडे गेल्या. त्या हिरव्या कोपऱ्यापाशी या वेळी त्या बराच वेळ फिरल्या आणि अखेर त्यांना दिसले की वाफ्याच्या वरच्या अंगाला गोठा आहे, आणि गुरांचे मूत मिसळलेले पाणी झिरपून नेमके त्याच कोपऱ्यात उतरते. त्या हर्षाने परत आल्या. विहाराच्या अंगणात, सगळ्यांसमोर, त्यांनी बाईंना जवळ बोलावले.

"तुम्ही पाहिलं ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात क्षारामुळेच सुपर लागत होतं. फक्त तो क्षार मिठाचा नव्हता, गोठ्याचा होता. मुतातून अमोनियम येतं. म्हणून सुपरच्या जोडीला अमोनियम सल्फेट घ्या. मीठ बियाण्यापुरतं ठेवा. आणि पहिल्या वेळी मीही फसले होते, हे सांगून ठेवते."

"मॅडम, तुमी कुंडीत फसल्या जी," मागून कोणीतरी म्हणाले, "हे तं वाफ्यात फसली!" अंगण हसण्याने भरले. बाईही हसल्या. मग पुढे होऊन त्यांनी मॅडमचा हात धरला. "जवाब भेटला," त्या म्हणाल्या. "आता झोप लागन."

त्या वर्षापासून त्या वाफ्याला सुपरसोबत थोडे अमोनियम सल्फेट देतात, आणि त्यांचे पऱ्हे गावात सर्वांत आधी रोवणीला येतात. बाकीच्या बायांनीही तीच रीत उचलली आहे. म्हणजे शहाणपण सगळ्यांनी घेतले आणि नाव मात्र 'मीठवाली'च राहिले. थट्टा असेच करते. तिला कारण विसरायला होते, नाव विसरायला होत नाही.

मॅडमची पुढे जिवतीच्या डोंगरी भागाकडे बदली झाली. आता त्या निवृत्त आहेत. मी दर पेरणीला त्या गावात मिठाच्या पाण्याचे प्रात्यक्षिक करतो. बाईंना दिलेला शब्द मी पाळला, असे स्वतःला सांगत असे. येणे बंद केले नाही, एवढेच मी पाळले होते.

यंदा निघण्याच्या काही दिवस आधी बाईंच्या मुलाचे लग्न झाल्याचे कळले, आणि त्याच फोनवर गावातला माणूस सहज म्हणाला, "नवीन सुनेले आल्या आल्या बाया म्हनते, मीठवालीच्या घरी आली, आता जपून जेव!" तो हसला. मला हसता आले नाही. नाव पुढच्या पिढीत उतरले होते. ज्या मुलीने तो वाफा पाहिलाही नव्हता, तिला माझे खोटे सासूच्या नावाने मिळाले होते.

मी मॅडमना फोन केला. पावडरीच्या पुडीपासून जीपमधल्या वाक्यापर्यंत सगळे सांगितले.

"मी कितीदा तो तराजू तपासला होता," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मला क्षमा..."

"माझं राहू द्या," त्यांनी मला मध्येच थांबवले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "माझा आकडा मी पुढच्या वर्षी दुरुस्त केला. त्यांचं नाव कुणी दुरुस्त केलं? मला फोनवर सांगणं सोपं आहे हो. जिथे थट्टा होते, तिथे जाऊन सांगा."

परवा प्रात्यक्षिक होते. तेच अंगण, तोच टोप. पोचट दाणे वर आले, भरलेले खाली बसले. बाई पुढच्या रांगेत होत्या, केस पांढरे झालेले; शेजारी नवी सून, डोक्यावरचा पदर सावरत बसलेली. मी उरलेले खारे पाणी ओतून द्यायला टोप उचलला, तसा मागून नेहमीचा आवाज आला, "साहेब, ते पानी मीठवालीले द्या जी, तिले लागते!" सगळ्या हसल्या. सून खाली पाहू लागली. बाईही हसल्या, सवयीने.

मी टोप खाली ठेवला. माझी आई याच बोलीत बोलत असे. शिक्षणासाठी बाहेर पडलो तेव्हाच मी ती मागे ठेवली होती आणि साहेब झाल्यावर तर कधीच वापरली नव्हती. त्या अंगणात मात्र तीच तोंडात आली. हात ओले होते, ते पुसायचेही सुचले नाही. मी बाईंसमोर उभा राहिलो आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो:

"बाई, मीठ टाका म्हनून तुमाले मीच सांगतलो होतो. तो आकडाच खोटा होता, अन् तो माह्याच हातानं खोटा झाला होता. मॅडमनं इचारलं तवा मी तुमच्यावर ढकलून मोकळा झालो, अन् तुमी माह्यं नाव घेतलं नाई. पऱ्हे तुमचे माह्यामुळं जळले, नाव बी माह्यामुळंच पडलं. तुमचा सवाल खरा होता. मी चुकलो, बाई. मले माफ करा."